तेल पाजलेल्या तबकड्या

राहनाळच्या गोदामात मी क्यूसीत आहे, म्हणजे परत आलेला माल तपासते. लोक मोबाइल मागवतात आणि खोक्यात साबणाची वडी घालून परत पाठवतात. साडी लग्नात नेसून मिरवतात आणि मग तीच साडी घामाच्या डागांसकट 'रंग आवडला नाही' म्हणून आमच्या टेबलावर येते. मी ती बघते, हुंगते, उजेडात धरते आणि ए, बी किंवा सी लिहून पुढे ढकलते. या कामानं माझा स्वभाव संशयी झाला असं माझा नवरा मनोज म्हणतो. स्वभाव आधीपासूनच तसा होता. कामामुळे त्याला फक्त पगार सुरू झाला.

म्हणूनच भाऊंच्या तबकड्या विकायच्या ठरल्या तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

भाऊ म्हणजे माझे सासरे. तरुणपणी खाडीत रेतीची होडी चालवायचे. पुढे टेम्पो घेतला आणि मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात वाजवणाऱ्या बँडचं सामान वाहू लागले. ड्रम, कर्णे, कधी कधी आख्खा पियानो. बँडवाले गोव्याचे. ते जॅझ वाजवायचे आणि भाऊ भिंतीला टेकून ऐकायचे. काल्हेरच्या या माणसाला त्यात काय सापडलं ते देव जाणे, पण सापडलं ते सुटलं नाही. हॉटेलातला बँड बंद झाला तसे ते वादक एकेक करून गेले, कोणी गोव्याला, कोणी कॅनडाला. जाताना रेकॉर्डचं ओझं कोण नेणार? प्रत्येकानं आपापल्या तबकड्या भाऊंच्या टेम्पोत ठेवल्या. अशी आमच्या घरात एक आख्खी भिंत भरली.

गावात कोणाच्या घरी भजनाची टाळकुटी, कोणाच्या घरी बँजोची गाणी, आणि आमच्या घरातून संध्याकाळी अमेरिकेतला कुठला तरी सॅक्सोफोन. लोक हसायचे. भाऊही हसायचे आणि आवाज वाढवायचे.

मागच्या होळीच्या आधी भाऊ गेले. माझ्या सासूबाईंनी, जानकीबाईंनी, त्या दिवसापासून घरात गाणं बंद केलं. "वरीस होईपर्यंत या घरात काय वाजाचा न्हाय," त्या म्हणाल्या. टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघायचा. आमच्यात तशी रीत आहेच, पण हल्ली तेराव्यानंतर कोणी फारसं पाळत नाही. आईंनी पाळायचं ठरवलं आणि आईंनी ठरवलं की आमच्याकडे ठरतं.

त्यातच घराची जागा एका गोदामवाल्या कंपनीला द्यायचं नक्की झालं. संक्रांत झाली की घर रिकामं करून समोरच्या टॉवरमध्ये राहायला जायचं. तिथल्या भिंती एवढ्याशा. मनोजनं मुंबईचा एक जुना माल घेणारा माणूस आणला. त्यानं भिंतीसमोर तासभर उभं राहून बोटानं निवड केली. एवढ्या नेतो, बाकीचं भंगारात द्या, म्हणाला. मनोजला ते पटलंही होतं.

आई तेवढ्यात आतून आल्या. "माझी एकच अट हाय," त्या म्हणाल्या. "देयाच्या तर सगल्या एकाच घरात. वाटून न्हाय देयाच्या."

"आई, असं कोण घेतंय?" मनोज म्हणाला.

"मंग शोधा."

शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आणि खरं सांगते, मला ते आवडलं. भाऊंनी मला कधी सून म्हणून वागवलं नव्हतं. मी कामावरून चिडून आले की ते तबकडी बदलायचे, बस. काही विचारायचे नाहीत. त्या माणसाची भिंत मला भंगारात जाऊ द्यायची नव्हती. संक्रांतीपर्यंत एक घर सापडलं नाही तर मुंबईवाला येणार, हे मनोजनं स्पष्ट सांगितलं होतं.

तबकड्यांचं ग्रेडिंग मी मोबाइलवर शिकले. आमच्या ए-बी-सीपेक्षा ही भाषा जरा चावट. सगळ्यात वर मिंट, म्हणजे अगदी न वाजवलेली. त्याखाली निअर मिंट. मग व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड आणि त्याच्या खाली गुड. गुड म्हणजे चांगली असं समजून घेतलीत तर फसलात. गुड म्हणजे सुई फिरते, पण गाण्याबरोबर कढईत काही तरी तळल्याचा आवाज येतो. शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीची नाही, एवढंच ते सांगायचं असतं. तबकडी नेहमी कडेनं धरायची, दिवा तिरका लावायचा आणि ती हळूहळू फिरवायची. ओरखडा असला की उजेडात केसासारखा चमकतो. मधल्या लेबलाच्या बाजूला, जिथं गाणं संपतं, त्या मोकळ्या पट्टीत बारीक अक्षरं कोरलेली असतात. त्यावरून ती पहिल्या छपाईची की नंतरची ते कळतं. पहिल्या छपाईला मान वेगळा.

मी रोज ड्युटीवरून आल्यावर थोड्या थोड्या तबकड्या काढायची. कागदाची आतली पाकिटं कधीच गेली होती. प्रत्येक तबकडी जुन्या मऊ लुगड्याच्या शिवलेल्या पिशवीत होती. ती काढून मी नवी पाकिटं घातली. आणि माल काय होता म्हणून सांगू! काळाभोर, चकचकीत, दिव्याखाली धरली की आपला चेहरा दिसावा. साठ-साठ वर्षांच्या तबकड्या आणि अंगावर धूळ नाही. मला भाऊंचं फार कौतुक वाटलं. शेजारच्या प्लेअरवरही धूळ नव्हती. आमच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात, सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी नाव लिहिता येतं. पण आई घर लखलखीत ठेवतात, त्यामुळे मला त्यात विशेष वाटलं नाही.

वाजवून बघता येत नव्हतं, ती एकच अडचण. खरं ग्रेडिंग कानानंही करतात. पण आईंपुढे कोण बोलणार? आणि माझ्या डोळ्यांवर माझा नको तेवढा भरवसा होता.

मोबाइलवरच शिलाँगच्या एका बाई सापडल्या. संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. घराच्या एका खोलीत त्यांनी ऐकायची जागा केली होती, संध्याकाळी त्यांचे जुने विद्यार्थी येऊन बसतात म्हणे. आडनाव मला आजही धड म्हणता येत नाही, त्या म्हणाल्या, मला कॉन्ग म्हणा. त्यांच्याकडे ताईला तसं म्हणतात. माझी यादी आणि आईंची अट वाचून त्या म्हणाल्या, सगळ्या घेते, प्लेअरसकट. एकसुद्धा मागे ठेवू नका. फक्त आधी एक पाठवा. तुम्ही निअर मिंट कशाला म्हणता ते मला बघायचंय.

मी नाचायचीच बाकी होते. सगळ्यात देखणी तबकडी निवडली, पहिल्या छपाईची. निअर मिंट लिहिलं आणि दिवाळी झाल्यावर, भर उकाड्यात, पार्सल गेलं.

आठवड्याभरानं फोटो आले. तबकडीवर पांढरी वर्तुळं. रेघांमध्ये कोणी तरी भस्म भरल्यासारखी. खाली बाईंनी लिहिलं होतं, याला बुरशी लागली आहे, गोडसर वास येतो आहे, आणि सुई मध्येच रुतते. ही निअर मिंट असेल तर बाकीच्या बघायची मला इच्छा नाही.

मी पेटले. परत आलेल्या मालाचा मला पंधरा वर्षांचा अनुभव. मनात म्हटलं, बाई, तुम्ही संगीतवाल्या असाल, पण साबणाची वडी मी ओळखते. आमची चांगली ठेवून घेतली आणि आपली कुजकी दाखवताय. मी फोनच लावला आणि हिंदीत सुनावलं, "माल यहाँ से एकदम साफ निकला था. आप अंदर का नंबर दिखाओ."

त्यांनी शांतपणे मोकळ्या पट्टीतल्या अक्षरांचा फोटो पाठवला. तीच अक्षरं. शेवटच्या आकड्याचा जरा वाकडा पाय, तोही तोच. तबकडी आमचीच होती.

मग त्यांचा फोन आला. आवाज चढला नव्हता. "आपने इसको बजाया था?" त्यांनी विचारलं.

"नहीं."

"जो सुना नहीं, उसका ग्रेड कैसे लिखा?"

त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी गोदामात मी कोणाशीच भांडले नाही, तर पोरी विचारायला लागल्या, मॅडम बरं नाही का?

मनोजला सांगितलं. तो चिडला नाही, त्यानं फक्त मुंबईवाल्याचा नंबर शोधून ठेवला. "क्यूसी मॅडम, तुम्ही प्रयत्न केलात," म्हणाला. ते ऐकून मला जास्त लागलं. आईंना आम्ही काहीच सांगितलं नाही. त्या रोज जेवताना विचारायच्या, "त्या शिलाँगवालीचा काय?" आणि मी म्हणायचे, "बघतेय."

डिसेंबर संपता संपता थंडी पडली. काल्हेरची थंडी ती काय, पण त्या सकाळी खाडीवरून धुकं आलं आणि अंगणातले पत्रे ओले झाले. डोकं विंचरायला बसले आणि खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तर थेंब पडेना. थिजलं होतं. पांढरंफेक. बाटली गरम पाण्यात धरायला उठले आणि तशीच उभी राहिले. तो पांढरा रंग मी कुठं तरी पाहिला होता.

बाटली हातात घेऊनच मी भिंतीकडे गेले. एक तबकडी काढली. रेघांमध्ये पांढरं. दुसरी काढली, पांढरं. खालच्या फळीवरची, वरच्या फळीवरची, जिला हात लावावा तिच्या अंगावर भस्माचे पट्टे. नाकाजवळ धरली. गोडसर वास. माझ्याच केसांचा वास, घरातल्या उशांचा, टॉवेलचा, रोजचा. म्हणूनच तो मला कधी आला नव्हता.

"आई!" मी ओरडले. असं ओरडले की बाहेर दात घासणारा मनोज तसाच आत आला.

आई मागच्या दारी चूल पेटवत होत्या. मी एका हातात बाटली आणि एका हातात तबकडी नाचवत म्हटलं, "यांना तेल कोणी लावलं?"

"मी," आई म्हणाल्या. "मंग? अजून कोन लावील?"

"सगळ्यांना?"

"सगल्यांना. पावसाच्या आधी बसून लावला. बोटानं, पातल. दोन मयने गेले माझे." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "तू उजेडात धरून बघायचीस ना, कशा चमकतान त्या? मी बघत होते तुझ्याकडं."

माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं. मुंबईवाला, शिलाँगवाली, माझं नाव, सगळं एकदम. "आई, ही काय पोळीची कणीक आहे का तेल लावून ठेवायला? वाट लागली सगळ्याची! कोणी सांगितलं तुम्हाला?"

आईंनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. "होरीला कोन सांगतं?" त्या म्हणाल्या.

आई होडीला होरी म्हणतात. माझं माहेर दिघाशीचं, खाडीपासून लांब. होडी मी लग्नानंतर जवळून पाहिली, तीही मोडकी. त्यामुळे मनोजला जे पोटातून ठाऊक होतं ते मला माहीत नव्हतं. पावसात होडी काठावर ओढतात. पाण्यातून काढलेली होडी सुकते, फळ्या आकसतात, तडा जातो. म्हणून तिला तेल पाजतात. पाजतात असंच म्हणतात. बसून राहिलेल्या होडीला तेल पाजायचं, म्हणजे पुन्हा पाण्यात घालायची वेळ आली की ती धड असते.

"ते गेले," आई म्हणाल्या. "या सगल्या बसून रायल्या. कोन वाजवनार? सुकून तडकल्या असत्या. होरीला आमी मासलीचा तेल लावायचो, पन ही गान्याची चीज, तिला वास कसा मारू देवा? म्हनून चांगला खोबऱ्याचा आनला."

मनोज तोंडात ब्रश धरून उभा होता. तो हसला असता तर मी त्याला तिथंच काही तरी फेकून मारलं असतं. पण तो हसत नव्हता. त्याचे डोळे भरले होते.

"बिघडल्या का?" आईंनी मला विचारलं. या बाईनं आजवर मला कधी असं विचारलं नव्हतं, चेहरा इतका लहान करून. आणि मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. भाऊंचं कौतुक म्हणून जे मी मनात दोन महिने मिरवत होते ते सगळं या बोटांचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "धुतल्या की होतील." होतील की नाही ते मला माहीत नव्हतं.

मी शिलाँगला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा त्यांना काही बोलू न देता मी सगळं सांगून टाकलं. बुरशी नाही, तेल आहे. आमच्या सासूबाईंनी लावलं. इथं उन्हात ते दिसत नाही, तुमच्या थंडीत गोठलं. होडीचंही सांगितलं, धड जमलं नाही तरी सांगितलं. सगळ्याच तबकड्यांना लावलंय हेही सांगितलं. आणि म्हटलं, तुम्ही विचारलं ते बरोबर होतं. न ऐकता मी ग्रेड लिहायला नको होता.

मग त्यांनी विचारलं, "कौन सा तेल? नारियल?"

"हाँ."

"और कुछ मिलाया तो नहीं?"

मी आईंकडे बघितलं. आईंनी जोरात मान हलवली. "नहीं. एकदम प्युअर."

"तो धोकर देखिए," त्या म्हणाल्या. "फिर मुझे फोन पर सुनाइए. सुने बिना मैं कुछ नहीं बोलूँगी."

त्या रविवारी अंगणात धुणं निघालं. भांडी घासायच्या पातळ साबणाचे थेंब, कोमट पाणी, लहान बाळाच्या केसांचा ब्रश आणि मधल्या लेबलावर पाणी जाऊ नये म्हणून वर डबीचं झाकण दाबून धरलेलं. आईंनी रिठा सुचवला. "दागिने त्यानंच निघतान," म्हणाल्या. मी म्हटलं, आई, आता नवीन काही नको. त्या झाकणं धरायला लागल्या. धुतलेल्या तबकड्या स्वयंपाकघरातल्या थाळ्यांच्या स्टँडमध्ये सावलीत सुकत ठेवल्या. तेल असेपर्यंत पाण्याचे मणी होऊन घरंगळायचे. तेल गेलं की पाणी पसरायचं. तीच खूण.

सुकल्यावर प्रश्न आला तो माहीतच होता. ऐकवायचं म्हणजे वाजवायचं, आणि वर्ष व्हायला अजून अवकाश होता. मनोजनं अंगणातून माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांचीही हिंमत होईना. प्लेअर गाडीत घालून गोदामावर नेऊ का, असं मी हळूच विचारलं.

"कशाला?" आई म्हणाल्या. "हितंच वाजव."

"पण आई, वर्ष..."

"वाजव म्हनते ना."

मी प्लेअर लावला. बटण दाबलं, दिवा लागला, पण चकती काही फिरेना. पुन्हा दाबलं. आई उठून आल्या, चकतीच्या कडेला बोट टेकवून तिला उलटा जरासा झटका दिला आणि सोडली. चकती फिरायला लागली. "पट्टा ढिला हाय तिचा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा जागेवर जाऊन बसल्या. इतकी वर्षं भाऊंना बघून शिकल्या असतील, असं मला वाटलं.

सुई टेकवली. आधी नुसती खरखर, अगदी बारीक, आणि मग कर्णा. स्वच्छ. त्याच्यामागे ड्रमवर फिरणारा ब्रश, तोसुद्धा वेगळा ऐकू आला. मी फोन स्पीकरजवळ धरला. बाहेर ट्रक हॉर्न मारत होता, त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. मनोज दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, अगदी भाऊ उभे राहत तसा. आई मांडीवर हात ठेवून जमिनीकडे बघत होत्या. एक बाजू पूर्ण संपली.

मग बाई म्हणाल्या, "माताजी को फोन दीजिए."

आईंचं हिंदी म्हणजे भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "हां, बोलो."

पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. आई म्हणाल्या, "हमको क्या मालूम? रखा तो सूखता है. हमारा होरी का ऐसाच है." मग ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम बजायेगी ना? रोज? खाली दिवार पे रखने को लेती तो मत लो." मग पुन्हा ऐकलं. "हां. तो फिर तेल का काम नहीं."

फोन माझ्याकडे आला. बाई म्हणाल्या, सगळ्या पाठवा. माझी तबकडी मी इथं धुऊन घेईन. आणि प्रत्येकीवर तुमचा ग्रेड लिहा, पण ऐकून.

फोन ठेवला आणि मी सरळ रडायला लागले. मनोज म्हणाला, मुंबईवाल्याचा नंबर काढून टाकू ना? मी त्याला ओला ब्रश फेकून मारला.

मी रजा टाकली आणि संक्रांतीपर्यंतचे दिवस धुण्यात आणि ऐकण्यात गेले. घरात पुन्हा संध्याकाळी सॅक्सोफोन वाजायला लागला. शेजारच्यांनी विचारलं तेव्हा आईंनीच सांगितलं, "माल तपासताव." मी एकेक ऐकायची, लिहायची. दोन-चार ठिकाणी डोळ्यांना निअर मिंट वाटलेली कानांना व्हेरी गुड निघाली. मी मुकाट्यानं बदललं.

शेवटच्या फळीच्या अगदी कोपऱ्यात एक पिशवी राहिली होती. ती माझ्या यादीत होती, पण मी तिला घाईत एकदाच पाहिलं होतं, कारण तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. कडा झिजलेल्या, तकाकी नाही, राखट काळी. तेव्हा मी गुड लिहून पुढे गेले होते. आता तिच्यावर पाणी सोडलं आणि ब्रश लावायच्या आतच पाणी पसरलं. मणी झालेच नाहीत. बोट फिरवलं, कोरडं. हुंगली. कसलाच वास नाही.

आई समोर बसून झाकण धरायला हात पुढे करून होत्या. त्यांनी ते हळूच मागे घेतलं.

"आई, हिला तेल लावायचं राहिलं?"

"न्हाय रायला," आई म्हणाल्या.

"मग?"

त्यांनी पदरानं हात पुसले, कोरडे होते तरी पुसले. बाहेर एकामागून एक ट्रक जात होते. मनोज कामावर गेला होता. एरवी या वेळी मीही राहनाळला असते आणि घरात आई एकट्या असत्या.

"चालू होरीला तेल पाजतान का?" आई म्हणाल्या.

मला समजायला वेळ लागला. धूळ नसलेला प्लेअर आठवला, ढिला पट्टा, ते बोट टेकवणं, तो झटका. भाऊंना बघून कोणी एवढं अचूक शिकत नाही.

"दुपारी जेवताना ही लावायचे ते," आई म्हणाल्या. "मना त्याच्यातला काय समजत न्हाय. पन ती लागली न्हाय तर घास उतरत न्हाय. बारीक आवाजात लावते. ट्रकच्या आवाजात कोनाला ऐकू जात न्हाय."

"आणि आम्हाला वर्षभर बंदी?"

"लोकांना काय सांगू?" त्या म्हणाल्या. "नवरा गेला आनि बाय गानी ऐकते?"

हातातली तबकडी मी नीट, कडेनं धरून टिपली. उन्हात नाही, सावलीत ठेवली. मग आत जाऊन प्लेअर शिलाँगला जायच्या सामानातून उचलला आणि आमच्या टॉवरच्या सामानात, आईंच्या कपड्यांच्या पेटीवर ठेवला. त्याच्यावर ती पिशवी. आई दारातून बघत होत्या. दुपारची वेळ होती. त्यांचं ताट मी वाढून आणलं.

संध्याकाळी शिलाँगला फोन केला. म्हटलं, यादीतली एक तबकडी कमी येईल, आणि प्लेअर पण नाही येणार. बाईंना ते आवडलं नाही. सगळ्या एका घरात असं तुम्हीच म्हणाला होतात, त्या म्हणाल्या. ती एवढी भारी आहे का? काय ग्रेड आहे तिचा?

"ग्रेड नहीं है," मी म्हटलं. "वो चालू है."